कुलूप, मेडलं आणि अप्पांचा हायस्कोअर

परवा सोलापूरच्या पार्क चौकात चहा संपला तरी वाद संपेना. मित्राचं म्हणणं, व्हिडिओ गेमचे पैसे मोजले ना, मग त्यातलं सगळं पहिल्या दिवशी उघडं पाहिजे. कुलपं कशाला? मला हे अजिबात पटत नाही, म्हणून ही लांबण.

माझ्याकडे एक सेकंडहँड वी आहे, म्हणजे टीव्हीला जोडायचं निन्टेंडोचं गेमचं यंत्र, आणि त्यावर त्यांचाच 'रिदम हेवन फीवर' हा गेम. जपानमध्ये २०११ ला आलेला, अमेरिकेत २०१२ ला. गाणी-संगीत त्सुंकू या जपानी निर्मात्याचं. हा स्वतः गायक. पुढे घशाच्या कॅन्सरमुळे त्याला स्वरयंत्र काढावं लागलं आणि २०१५ मध्ये त्यानं ते जाहीर केलं. असो. गेममध्ये काम एकच, तालावर बटण दाबायचं. छोटे छोटे खेळ, नीट जमला की 'सुपर्ब' आणि एक मेडल. मेडलं साठत गेली की एंडलेस खेळ उघडतात. त्यांना शेवट नसतो. चुकेपर्यंत चालायचं आणि मागे उरतो तो फक्त आकडा.

त्यातला 'मिस्टर अपबीट' बघा. एक माणूस, समोर लंबकासारखी डावी-उजवीकडे हलणारी सुई. तिच्यावरून पाऊल टाकायचं, पण ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये. लय हळूहळू वाढत जाते. एक पाऊल चुकलं की खलास. हा खेळ पहिल्या दिवशी उघडा असता तर मी पाच मिनिटांत कंटाळून टीव्ही लावला असता. मेडलं गोळा करता करता कान तयार झाला, म्हणून तो कळला. त्या मित्रानं कुठून तरी सगळं उघडलेली सेव्ह फाईल, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या खेळाची साठवलेली प्रगती, आणली होती. तीन दिवसांत गेम विकायला काढला की! (एकही चूक न करता मिळवायच्या 'परफेक्ट'चं मात्र मी समर्थन करणार नाही. गेम स्वतःच ठरवणार कुठला खेळ न चुकता खेळायचा, आणि संधी फक्त तीन. हा निव्वळ छळ आहे.)

तर हायस्कोअर. माझा २१४ होता आणि मी त्यावर लई खूश होतो. एका रविवारी अप्पा शेजारी येऊन बसले. अप्पांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवला, एका वेळी दोन-दोन. त्या खडखडाटात कान निम्मे गेलेत, म्हणून आमच्या टीव्हीचा आवाज गल्लीभर. त्यांनी रिमोट मागितला. पहिल्यांदा नऊवर गेले, मग तेवीस, मग थेट शंभराच्या वर. मी बघतोय तर त्यांची नजर स्क्रीनवर नव्हतीच, खिडकीबाहेर होती. मांडीवर बोट हलत होतं.

"तू सुईकडे बघतोस बे, म्हणून चुकतोस. धोट्याकडे बघून माग चालवत नसतात." (धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा तुकडा.)

चादरीच्या कारखान्यात माग बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, हे त्यांनी मला लहानपणी हजारदा सांगितलं होतं. तेव्हा मी त्यांच्या डब्यातली शेंगाचटणी खाण्यात दंग असायचो. गणपतीत लेझीम खेळायचो, तिथंही हलगीवाल्याकडे बघून पाऊल टाकायचो आणि दर वेळी अर्धा ठोका मागे. आता कुठं कारण कळलं.

अप्पांचा आकडा २९१. हा आकडा त्या वीबाहेर कुणाला दिसत नाही, जगाच्या कुठल्या यादीत नाही. म्हणूनच तो मला जास्त बोचतो. ऑनलाईन यादीत मी कितव्या हजारावर आहे, याचं मला काही वाटलं नसतं. इथं दोघंच आहोत आणि मी दुसरा आहे.

काल रात्री २८४ वर होतो. सुईकडे बघायचं नाही म्हणून डोळे मिटून घेतले होते. तेवढ्यात आवाजच बंद. डोळे उघडले तर सगळ्या गल्लीत अंधार, लाईट गेलेली.

आतल्या खोलीतून अप्पांनी विचारलं, "किती झालते बे?"