म्हणे सलग चाळीस मिनिटं बसू शकतात!

कंबरदुखीमुळे काम जमत नाही म्हणून मी कंपनीवर दावा लावलाय; काम कितपत झेपतं ते बघायला जी तपासणी झाली, तिचा आज रिपोर्ट आला. पान तीन: ‘तक्रारदार सलग ४० मिनिटे बसू शकतात.’ कुठे बसले होते मी चाळीस मिनिटं? तुमचाच फॉर्म भरायला! तो जाडजूड फॉर्म मांडीवर, टेबलाचा पत्ता नाही, आणि बुडाखाली ती प्लास्टिकची खुर्ची, जिची पाठ जगातल्या कुठल्याच माणसाच्या पाठीला लागत नाही. त्याच फॉर्मात विचारलंय, ‘सलग किती वेळ बसू शकता?’ मी इमानदारीत लिहिलं, वीस मिनिटं. तिकडे काचेआड कोणीतरी घड्याळ लावून बसलेलं. वीस लिहिले आणि चाळीस बसल्या, म्हणून ‘कथन व निरीक्षण यांत तफावत’.

अहो, मग मी करायचं काय होतं? विसाव्या मिनिटाला फॉर्म भिरकावून लादीवर आडवी पडले असते तर ‘वेदनेचे अतिरंजित प्रदर्शन’ लिहिलं असतंत. तसं ते लिहिलंच आहे म्हणा. मध्येच उठून मी काही पानं भिंतीला टेकून भरली, बसल्यावरही एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर भार टाकत होते, त्याची नोंद अगदी पुढच्याच ओळीत: ‘वारंवार स्थितिबदल, लक्ष वेधण्याचा हेतू नाकारता येत नाही.’ म्हणजे मी उठले ते दिसलं. तरी बसणं मात्र सलगच! आणि घरी आल्यावर अंथरुणाला खिळले, कूस वळायलासुद्धा नवऱ्याचा हात लागला, ते कुठल्या रकान्यात? दार बंद झालं की यांचं घड्याळही बंद.

नाडीचं तेच. छातीला पट्टा बांधून क्रेट उचलायला लावला. कळ आली म्हणून ठेवला तर ‘नाडी अपेक्षेइतकी वाढली नाही, प्रयत्न अपुरा’. वाढली असती तर ‘व्यायामाचा अभाव’ होताच तयार. त्यातून क्रेट चार वेळा उचलला म्हणजे आठ तास उचलू शकते, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात देव जाणे. दुखणं दहापैकी किती? सात म्हणा, तर ‘सात असूनही शांतपणे बोलत होत्या’. चार म्हणा, तर उद्यापासून कामावर जा.

आणि दुखणं सोंग आहे का ते ताडायला वापरतात त्या पाच खुणा! डोक्यावर नुसता हात दाबायचा, कंबरेत दुखलं म्हटलं की एक खूण. झोपवून पाय उचलला तर दुखतो, मग बसवून ‘जरा तळवा बघू’ म्हणत हळूच गुडघा सरळ करायचा, तेव्हा कळवळले नाही की दुसरी. तीन भरल्या की शिक्का. ज्या वॅडेल नावाच्या स्कॉटिश सर्जननं १९८० मध्ये या खुणा मांडल्या, त्यानंच १९९८ मध्ये सहकाऱ्याबरोबर पुन्हा लेख लिहून बजावलं की एवढ्यावरून माणसाला खोटं ठरवू नका. आमच्या तज्ज्ञांचं वाचन १९८० लाच आटोपलेलं दिसतंय.

दुखणं कंबरेत, तरी मूठ तपासायचीच. मुठीचा जोर मोजायच्या यंत्राला दांडा मागेपुढे बसवायच्या पाच खाचा. आलेख मधल्या खाचांत फुगायला हवा, सपाट आला की संशय. एकाच खाचेत तीनदा दाबताना आकडे पंधरा टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे झाले की जोर मुद्दाम चोरला. खरोखर दुखणाऱ्या हाताचाही आलेख सपाट येतो, पण ते कोण ऐकतंय! पहिल्यांदा मी बेतानं दाबलं, उगाच कंबरेत उसण भरायला नको. दुसऱ्यांदा तपासणारा म्हणाला, ‘अजून लागेल ना जोर, मॅडम?’ तो ‘ना’ माझ्या डोक्यात गेला. तिसऱ्यांदा त्या दांड्याच्या जागी त्याचा गळा धरला. आकडा असा काही उसळला की तोही दचकला. निष्कर्ष: ‘प्रयत्नांत सातत्य नाही.’ आता याला काय उत्तर देणार? संताप किलोत मोजत असते तर मी हमालीला पात्र ठरले असते.

वकीलसाहेब थंडपणे म्हणतात, हरकत घेऊ, पण पुढच्या तपासणीत तोंड आवरा. आणि घराबाहेर जपून राहा, कंपनीची माणसं लांबून व्हिडिओ काढतात. झालं! तेव्हापासून बऱ्या दिवशी मी कचरा टाकायला जातानाही उगाच लंगडते, आणि कंबर खरोखर धरलेली असते तेव्हा ‘काढा लेको काय काढायचं ते’ म्हणत दात आवळून ताठ चालते. त्यांनी नेमका कुठला दिवस टिपलाय, ते आता सुनावणीतच कळेल.