मुलाला ‘आता वेगळं राहा’ कधी सांगायचं?

सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका 80 वर्षांच्या गृहस्थांच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या दोन खोल्या मोठ्या मुलाने बळकावल्या होत्या आणि आईवडिलांनाच तो तिथे राहू देत नव्हता. ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणाने खोल्या रिकाम्या करायला सांगितलं, तर मुलगा उच्च न्यायालयात गेला. तिथे असं ठरलं की मुलगाच आता साठीचा, म्हणजे तोही ज्येष्ठ नागरिक, त्यामुळे त्याच्याविरुद्ध असा आदेश चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं. वडिलांनी अर्ज केला त्या दिवशी तो 59 वर्षांचा होता!

आमच्या नातेवाइकांत यावर लगेच दोन तट पडले. काहींना वाटलं, बरं झालं, कोर्टाने कान पिळले. बाकीच्यांचं म्हणणं, “हे सगळं तिकडचं वारं. तिकडे अठरा पूर्ण झाले की पोरांना हाकलतात.” तिकडे म्हणजे मी राहतो तिथे, जर्मनीतल्या श्टुटगार्टला. (हे गाव 1968 पासून कागदोपत्री मुंबईची बहीण आहे, पण त्याचं कुणाला काय!)

आता इथली खरी परिस्थिती ऐका. मूल अठरा वर्षांचं झालं म्हणून जर्मन आईबाप सुटत नाहीत. त्याचं पहिलं शिक्षण किंवा कामाचं प्रशिक्षण पुरं होईपर्यंत खर्च कायद्याने त्यांच्यावरच असतो. वेगळं राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी न्यायालयं जो तक्ता वापरतात, त्यात 2025 सालासाठी महिना 990 युरो धरलेत, त्यातले 440 भाड्याचे. शिकणाऱ्या मुलामागे 25 वर्षांपर्यंत सरकारी भत्ता मिळतो तो वेगळाच. घर सोडण्याचं सरासरी वय इथे 24 च्या आसपास आहे. इटली-स्पेनमध्ये ते तिशीला टेकतं. 2023 मध्ये इटलीतल्या पाव्हियाच्या एका 75 वर्षांच्या आईला चाळिशीतल्या दोन मुलांना घराबाहेर काढायला कोर्टाची पायरी चढावी लागली होती. तेव्हा ‘तिकडे’ म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधण्यात अर्थ नाही.

आमच्या शेजारणीचा मुलगा प्रशिक्षण संपवून एका कारखान्यात लागला. बटाटे सोलता सोलता तिने त्याला सांगितलं की पहिल्या पगारापासून घरखर्चाचे पैसे द्यायचे आणि उन्हाळा संपेपर्यंत घर बघायचं. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. घर मिळालं तेव्हा भाड्याला जामीन म्हणून सही आईबापांचीच. इथे भाड्याचं घर रिकामं म्हणजे अक्षरशः रिकामं. छतातून नुसत्या वायरी लोंबतात, बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरात ओटा आणि सिंकसुद्धा नसतं. बाप शिडी आणि ड्रिल घेऊन दोन शनिवार तिथे राबला. त्यांनी मुलाला हाकललं, असं कुणी म्हणून दाखवावं.

आमची मुलगी याच शहरात वेगळी राहायला गेली तेव्हा साताऱ्याहून आईचा फोन आला. “भांडण झालं का रे?” तिचा प्रश्न बरोबरच होता. आपल्याकडे मूल घर सोडतं ते परगावी नोकरी लागली म्हणून, नाहीतर भांडण झालं म्हणून. मुलींना मात्र आपण बँड लावून बाहेर पाठवतो, आणि तेव्हा ‘संस्कृती बुडाली’ असं कुणाला वाटत नाही.

मला विचाराल तर गोम एका वाक्यात आहे. “शेवटी सगळं तुझंच आहे.” पोर दहा वर्षांचं असल्यापासून आपण हे ऐकवतो आणि तिशीत त्याने ते खरं मानलं की आपल्याला धक्का बसतो. कायदा तर उलट आहे. स्वकष्टार्जित घर आपल्याकडे मृत्युपत्र करून कुणालाही देता येतं. जर्मनीत मुलाला पूर्ण वगळणं जवळपास अशक्य, कायदेशीर वाट्याच्या निम्मी रक्कम तो मागू शकतो. म्हणजे वारशाचा हक्क पक्का असलेली मुलं चोविसाव्या वर्षी घर सोडतात आणि आपली, हक्क नसताना, ठाण मांडून बसतात. 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, हे खरं. पण सुनेचा राहण्याचा हक्क त्या कायद्याने सरसकट डावलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे. लग्न होऊन सून घरात आल्यावर हा विषय काढला की गुंता चौपट.

मुलांची बाजूही आहेच. पुण्यात पंचवीस वर्षांच्या एकट्या पोराने घर शोधून दाखवावं. डिपॉझिट, दलालाला एक भाडं, अकरा महिन्यांचा करार आणि सगळ्यात आधी “बॅचलर्सना देत नाही.” इथे अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि करार सहसा बेमुदत असतो. श्टुटगार्टमध्येही घरांची मारामार आहे, खोलीसाठी मुलाखती द्याव्या लागतात, पण लग्न झालं नाही म्हणून कुणी दारातून परत पाठवत नाही.

म्हणून गावाकडच्या माझ्या मित्रांना मी एवढंच सुचवतो. पोराला नोकरी लागली की वर्षभरात वेगळं राहायचं, हे आधीच ठरवा आणि डिपॉझिट तुम्ही भरा. आणि सोसायटीच्या सभेत ‘फक्त फॅमिली’चा ठराव आला तर तो मांडणाऱ्याला विचारा, तुमचे चिरंजीव सध्या कुठे राहतात?