पहिला सर्फबोर्ड ‘आपल्या उंचीएवढा’ का घेऊ नये

गोव्यात किंवा कर्नाटकातल्या मुल्कीला चार दिवस सर्फिंग शिकून आलेल्या माणसाच्या मोबाइलवर एक सल्ला हमखास येऊन पडतो. ‘पहिला बोर्ड आपल्या उंचीएवढा घ्या, सहा फुटांच्या आसपास. फोमचे बोर्ड लहान मुलांचे. मोठ्या बोर्डावर शिकलात तर सवय बिघडते आणि वर्षभरात तो विकावा लागतो. वापरलेला मिळाला तर भेगांकडे फार बघू नका, टेप लावली की झालं.’ यातलं फक्त विकण्याचं बोलणं अर्धवट खरं आहे.

‘उंचीएवढा घ्या.’ नवशिक्यासाठी आधी बघायची ती उंची नाही, वजन. आणि बोर्डाचा आकडा बघायचा तो लिटरचा, म्हणजे आकारमानाचा. सहा फुटी, पातळ, टोकदार शॉर्टबोर्ड साधारण २८ लिटरचा असतो. खाऱ्या पाण्यात तो पूर्ण बुडाला तर जेमतेम २९ किलो पाणी बाजूला सारतो. त्याचं स्वतःचं ३ किलो वजन वजा करा, म्हणजे तो तोलून धरणार २६ किलो. त्यावर ६५ किलोचा माणूस आडवा झाला की बोर्ड छातीखाली बुडतो, हातांनी वल्हवताना अख्खं शरीर पाण्यातून ओढत न्यावं लागतं. आता आठ फुटी, साडेबावीस इंच रुंद, सव्वातीन इंच जाड फोमबोर्ड घ्या. तो साधारण ८० लिटरचा, वजन ७ किलोच्या आसपास. हाच हिशेब ७५ किलोवर जातो. म्हणजे बोर्ड जागच्या जागी थांबलेला असतानाही तो तुम्हाला वर धरू शकतो. सहा फुटीवर तुम्हाला फक्त वेगच वर धरतो, आणि नवशिक्याकडे नसतो तो वेगच.

ढोबळ नियम असा: जितके किलो वजन, निदान तितके लिटर, अगदी पहिल्या बोर्डासाठी त्याहून १०-१५ जास्तच. नव्वद किलोच्या माणसाने नऊ फुटी बघावा. ३५ किलोच्या मुलाला आठ फुटी देऊ नका, त्याला सहा-सात फुटी फोमबोर्ड पुरतो. रुंदीलाही मर्यादा आहे. हात आखूड असतील तर २४ इंचांवर वल्हवताना दंड कडेला घासतात आणि बोर्ड काखेत मावत नाही.

हा सल्ला ज्या रील्सवरून उचलला जातो त्यात बहुतेकदा बालीच्या उलुवातूसारख्या प्रवाळावर फुटणाऱ्या, उभ्या चढाच्या लाटा असतात. गोव्यातल्या मांद्रे-मोरजीला ऑक्टोबर ते मे या काळात लाट बहुतेक दिवस गुडघा ते कंबरेएवढी, आणि अंगात जोर कमी. अशी लाट लहान बोर्डाला ढकलतच नाही. पावसाळ्यात जोर येतो खरा, पण तो समुद्र नवशिक्याने उतरायचा नव्हे.

‘फोमचे बोर्ड लहान मुलांचे.’ हवाईतल्या वायकीकीत धडधाकट माणसांनाही नऊ-दहा फुटी फोमबोर्डावरच उभं करतात. गोंधळ होतो तो नावामुळे. पोहायला येणाऱ्या मुलांसाठी मिळणारी नुसती फोमची पाटी वेगळी. खऱ्या फोमबोर्डाच्या गाभ्यात पॉलिस्टायरीन असतं, त्यात लांबीभर दोन-तीन लाकडी पट्ट्या, वर मऊ थर, खाली गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा. दुकानात पट्ट्या किती ते विचारा. एकही नसेल तर घेऊ नका. असा बोर्ड वजनाखाली मधोमध वाकतो आणि एक दिवस तळावर आडवी घडी पडते. फोम मऊ म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. पडल्यावर वर येताना हातांनी डोकं झाकायचंच, कारण ताणलेली लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, बोर्डाला तुमच्याकडेच ओढून आणते.

‘मोठ्या बोर्डाने सवय बिघडते.’ उलटं होतं. मोठा बोर्ड लाट उठायला लागताच सरकू लागतो, त्यामुळे उभं राहायला थोडा जास्त वेळ मिळतो. लहान बोर्ड लाट जवळजवळ फुटताना पकडावा लागतो. घाईत माणूस आधी गुडघे टेकतो, मग पाय फाकवून, कंबरेत वाकून, नजर बोर्डाच्या टोकावर लावून उभा राहतो. ती सवय सुटता सुटत नाही.

मोठ्या बोर्डावर शिकायची पहिली गोष्ट म्हणजे झोपायची जागा. फार मागे झोपलात तर नाक वर उठतं आणि शेपूट पाणी ओढतं; फार पुढे गेलात तर लाट पकडताच नाक खुपसून कोलांटी. सपाट पाण्यात पुढे-मागे सरकून बघा. नाक पाण्यावर चार बोटं राहिलं की हनुवटीखाली वॅक्सने (पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासायच्या मेणाने) रेघ मारा, आणि दर वेळी हनुवटी त्याच रेघेवर आणा. लाट सुटण्याच्या निम्म्या तक्रारी या एका रेघेने मिटतात.

विकावा लागतो हे मात्र खरं. झपकन वळणं घ्यायची तर आठ फुटी फोमबोर्ड पुरत नाही. पण तो वेळ फेसाळ पाण्यात नव्हे, न फुटलेली लाट पकडून तिच्या कडेने आडवं जाता आल्यावर येतो. तेव्हाही पुढची पायरी साडेसात फुटांच्या आसपासची, सहाची नाही.

‘भेगांकडे बघू नका.’ इथे पैसे बुडतात. कडक बोर्ड असेल तर डेकवर, म्हणजे वरच्या बाजूवर, अंगठा दाबत शेपटापर्यंत या आणि बोटाच्या पेराने टकटक करा. आवाज बद्द येऊन पृष्ठभाग खाली जात असेल तर काचतंतूचा थर फोमपासून सुटलाय. तळावर आडवी रेघ दोन्ही कडांपर्यंत गेली असेल तर बोर्ड आतून मोडलेला आहे. फिन, म्हणजे तळाला शेपटाकडे असलेला पर, धरून हलवा. खाचेभोवती केसाएवढी भेग दिसली तर तिथून पाणी आत जातं. फोमबोर्ड शेपटावर उभा करून पाच मिनिटं ठेवा, फिनच्या स्क्रूपाशी थेंब जमले की सोडून द्या.

टेप संध्याकाळपर्यंत चालते, त्यानंतर आत शिरलेलं पाणी ती आतच कोंडून ठेवते. भेग आधी पूर्ण वाळवायची, मग वाळून कडक होणारं रेझिन भरायचं. गाभा पांढऱ्या दाण्यांचा पॉलिस्टायरीन असेल तर इपॉक्सी रेझिनच लावा. पॉलिस्टर रेझिन तो फोम अक्षरशः विरघळवतं आणि बोटभर भेगेचा तळहाताएवढा खड्डा होतो.

लीश बोर्डाच्या लांबीची किंवा किंचित जास्त, मागच्या पायात. वॅक्स उष्ण पाण्याचं घ्या, थंड पाण्याचं कोकणात वितळून चड्डीला लागतं. आणि बोर्ड बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नका. तापल्यावर आतली हवा फुगते आणि नव्याकोऱ्या डेकवर फोड येतात.