फायर पंप एचपीवर घेऊ नका

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इमारतीतले सगळे स्प्रिंकलर (आगीत पाणी फवारणारी छतातली तोंडं) मोजा, प्रत्येकाच्या पाण्याने गुणा आणि येईल त्याहून जास्त एचपीचा पंप घ्या. जॉकी पंप (लाइनीतला दाब टिकवणारा छोटा पंप) ही कंत्राटदाराची कमाई. जनरेटर असेल तर डिझेल पंप नको. आणि महिन्यातून एकदा पंप सुरू करून गेजवर सात किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला) दिसला की झालं. हे वाचून समित्या कोटेशनं मागवतायत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पहिलं म्हणजे सगळे स्प्रिंकलर एकदम फुटतात हीच समजूत चुकीची. प्रत्येकाची काचेची कुपी स्वतःच्या जागच्या उष्णतेने फुटते. लाल कुपी ६८ अंशांना. बहुतेक आगी मोजक्या स्प्रिंकलरांनीच आटोक्यात येतात. म्हणून हिशोब इमारतीचा नसतो, एकावेळी पेटू शकणाऱ्या क्षेत्राचा असतो. स्प्रिंकलरांचं भारतीय मानक आयएस १५१०५ नुसार मध्यम धोक्याच्या जागेत दर चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर आणि क्षेत्र ३६० चौरस मीटर, म्हणजे १८०० लिटर. ६०० स्प्रिंकलर प्रत्येकी ५७ लिटरने गुणून मिनिटाला ३४ हजार लिटर काढणाऱ्याला तेवढं पाणी देणारी टाकीही बांधावी लागेल.

एचपी हे गणिताचं उत्तर आहे. सुरुवात प्रवाह आणि हेडपासून करायची. हेड म्हणजे मीटरमध्ये मोजलेला पंपाचा दाब; एक किलो म्हणजे सुमारे १० मीटर. ४५ मीटर उंच इमारत घ्या. उंचीचे ४५ मीटर, सर्वांत वरच्या हायड्रंटवर (आग विझवायचा होज जोडतात तो नळ) साडेतीन किलो दाब हवा त्याचे ३५, पाइपातल्या घर्षणाचे समजा १०. एकूण हेड ९० मीटर. मिनिटाला २२८० लिटरचा पंप घेतला आणि कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर ७० एचपीच्या आसपास लागतात. पण तेवढ्याच ७० एचपीत ४५ मीटर हेडला ४५६० लिटर देणारा पंपही मिळतो. कागदावर तो दुप्पट पाणी देतो, पण वरच्या मजल्यावर त्याचा दाब जवळपास शून्य असतो. कोटेशनमध्ये फक्त एचपी लिहिलं असेल तर ते परत पाठवा.

बरं, मग हेडही भरपूर घेऊ? तेही नको. व्हॉल्व्ह बंद असताना पंपाचा दाब रेटेड (पंपावर लिहिलेल्या) हेडच्या १४० टक्क्यांपर्यंत चढू शकतो. ९० मीटरच्या पंपालाच हा आकडा १२६ मीटर, म्हणजे साडेबारा किलोवर जातो, आणि नेहमीचे स्प्रिंकलर सुमारे १२ किलो दाबापर्यंतचेच असतात. १२० मीटरचा पंप घेतलात तर तळघरातल्या पाइपांवर १६-१७ किलो येऊ शकतात. शिवाय दाब चौपट झाला की स्प्रिंकलरचा प्रवाह दुप्पट होतो: अर्ध्या किलोला मिनिटाला ५७ लिटर देणारा स्प्रिंकलर दोन किलोला ११३ देतो. टाकी मात्र तेवढीच राहते.

जॉकीबद्दल थोडक्यात. जुन्या लाइनीत कुठेतरी गळतं, दाब उतरतो. मिनिटाला १८० लिटरचा जॉकी तो भरून काढतो. तो नसला की त्याच कामासाठी मुख्य पंप दिवसरात्र उठतो, मग वैतागून कोणीतरी पॅनेल मॅन्युअलवर टाकतो आणि आगीत पंप आपोआप सुरूच होत नाही. हीच खरी भीती आहे.

जनरेटरच्या भरवशाबद्दल अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं वन मेरिडियन प्लाझा पाहा. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी ३८ मजली इमारतीत २२व्या मजल्यावर आग लागली. मुख्य वीज गेली, आपत्कालीन जनरेटरही चालला नाही. तीन अग्निशमन जवानांचा मृत्यू झाला. आग थांबली ती ३०व्या मजल्यावर, दहा स्प्रिंकलरांनी, आणि त्यांना पाणी पुरवलं अग्निशमन दलाच्या गाड्यांनी. विजेवर अजिबात न विसंबणारा, मुख्य पंपाइतक्याच क्षमतेचा डिझेल पंप त्यासाठीच असतो.

सर्वांत घातक मुद्दा सात किलोंचा. सेंट्रिफ्यूगल पंप (फिरत्या चक्राने पाणी ढकलणारा, फायर पंप असाच असतो) बंद व्हॉल्व्हवर सर्वाधिक दाब दाखवतो. सक्शनची (टाकीतून पाणी ओढणाऱ्या पाइपाची) जाळी निम्मी तुंबली असली तरी काटा तिथेच उभा राहील, कारण पाणी वाहतच नाहीये. वाहतं पाणी मोजायला टेस्ट लाइन आणि फ्लो मीटर लागतो. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी (आगयंत्रणा चालू असल्याचा दाखला) घ्यावाच लागतो. त्या वेळी २२८० आणि त्याच्या दीडपट, म्हणजे ३४२० लिटरला दाब किती होता, हे लिहून मागा. ९० मीटरच्या पंपाला ३४२० लिटरचा दाब रेटेड हेडच्या ६५ टक्क्यांच्या, म्हणजे ५.८५ किलोंच्या खाली आला, तर सही करू नका.