नऊ माणसांचं घर: फोंड्याबाहेर ऐसपैस की पर्वरीत आटोपशीर?

घरात माणसं नऊ. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा, तीन मुलं. पैसे ठरलेले. गोव्यात तेवढ्या पैशांत पणजीजवळच्या पर्वरीला ७५ चौरस मीटर कार्पेटचा दोन बेडरूमचा फ्लॅट बसतो, नाहीतर फोंड्याबाहेर, बस थांबते त्या रस्त्यापासून तीन-चार किलोमीटर आत, १५० चौरस मीटरचं दुमजली रो हाऊस. घ्यावं कुठलं? फोंड्याच्या तिस्कावर रस-ऑमलेटच्या गाड्यापाशी आम्हा पाच जणांत (एक इंजिनेर, एक वकील, नर्स असलेल्या सिस्टर, एक मास्तर आणि मी) हा विषय निघाला आणि गाडा आवरेपर्यंत संपला नाही.

इंजिनेराने लगेच भागाकार केला. "पर्वरीत माणशी आठ मीटर आणि इथे सोळा. यात विचार कसला करायचा?"

"१५० कशाचे?" वकिलाने विचारलं. "कार्पेट की सुपर बिल्टअप?"

हा प्रश्न पहिला विचारायचा, आणि बहुतेक घरांत तो विचारतच नाहीत. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची धरायची नाही. रो हाऊसचे १५० बहुधा बांधकामाचे असतात. त्यातून बाहेरच्या भिंतींची जाडी वजा करा. मग जिना. मीटरभर रुंदीचा, मध्ये वळणारा जिना प्रत्येक मजल्यावर आठ-नऊ मीटर जागा घेतो. दोन मजल्यांचे सोळा-सतरा मीटर तिथेच गेले. इंजिनेराने हे मान्य केलं, पण हटला नाही. "तरी ११५ उरतात. पर्वरीच्या दीडपट."

"उरतात, पण कुठे?" सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या रो हाऊसमध्ये खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली एवढीशी न्हाणी. बेडरूम सगळ्या वर. आजोबांच्या गुडघ्यांचं काय? सुरुवातीला चढतात, मग हळूहळू चढणं बंद होतं, आणि हॉलमध्ये पलंग येतो. तो आला की हॉल गेला. पाहुणा आला की म्हातारा माणूस चादरीत तोंड घालून झोपल्याचं सोंग करतो."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनीच मोजमापं दिली. तळमजल्यावर निदान साडेनऊ चौरस मीटरची एक खोली हवी. तिला लागून संडास-न्हाणी हवी, आतून तीन चौरस मीटरच्या आसपास. दार ९० सेंटीमीटरचं, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते. उंबरा नको. नळाजवळ भिंतीत पक्का दांडा. यातलं काही नसेल तर वरच्या तीन बेडरूमचा म्हाताऱ्यांना काडीचा उपयोग नाही. पर्वरीचा फ्लॅट लिफ्टच्या इमारतीत असेल तर तो या बाबतीत आपोआप पुढे जातो. लिफ्टला जनरेटर आहे का ते मात्र विचारायचं; पावसात वीज जाते.

बेडरूमपेक्षा न्हाण्या मोजा, असं माझंही मत आहे. तीन मुलं शाळेला, चार मोठी माणसं कामाला. सकाळी साडेसहा ते आठ म्हणजे ९० मिनिटं. माणशी बारा मिनिटं धरली तर नऊ जणांची १०८ मिनिटं होतात. एका न्हाणीत ती बसत नाहीत, दोन न्हाण्यांत सहज बसतात. दोन्ही न्हाण्या बेडरूमच्या आत कोंडलेल्या असतील तर त्या दोन म्हणून मोजू नयेत, कारण दार बंद करून झोपलेल्यांच्या खोलीतून कोणी जात नाही. एक तरी न्हाणी पॅसेजमधून उघडणारी हवी, आणि संडास वेगळा असेल तर फार उत्तम.

इंजिनेर मग पाण्यावर आला. तो त्याचा विषय. माणशी दिवसाला १३५ लिटर हे हिशेबाचं माप. नऊ जणांचे १,२१५ लिटर. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी एक दिवसही पुरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ओपाच्या पाणीप्रकल्पाची मुख्य जलवाहिनी कुर्टी-खांडेपार भागात फुटली तेव्हा तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांतले नळ कित्येक दिवस कोरडे होते. "तीन दिवसांचं पाणी साठवायचं तर साडेतीन हजार लिटरहून जास्त पाहिजेत. फ्लॅटमध्ये सोसायटी देईल तेवढंच मिळतं. स्वतःच्या घरात जमिनीखाली दोन बाय दोन, दीड मीटर खोल टाकी बांधली की वरची थोडी जागा सोडूनही पाच हजार लिटर साठले. शिवाय विहीर."

विहिरीवरून सेप्टिक टाकी निघाली. सोकपिट, म्हणजे त्या टाकीचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, विहिरीपासून १५ ते १८ मीटर लांब हवा. रो हाऊसच्या चिंचोळ्या प्लॉटमध्ये आपली आणि शेजाऱ्याची, दोन्ही अंतरं सांभाळणं अवघड. पूर्वी शेत असलेल्या सखल जागेत तर पावसात भूजल इतकं वर येतं की सोकपिट पाणी पीतच नाही आणि संडास तुंबतो. त्यातून टाकी पाच माणसांच्या हिशेबाने बांधलेली आणि वापरणारी नऊ, म्हणजे उपसा लवकर करावा लागणार. हे पाहायचं तर जागा जुलैत बघावी. मे महिन्यात सगळे प्लॉट कोरडे दिसतात.

कपड्यांचाही हिशेब झाला. नऊ जणांचे कपडे म्हणजे मशीन रोज दोनदा. जून ते सप्टेंबर वाळत घालायचे कुठे? इथे इंजिनेराची बाजू खरोखर भक्कम होती. मागची पडवी किंवा पत्र्याखालची गच्ची (पत्र्यालाही परवानगी लागते) फ्लॅटच्या बाल्कनीला भारी पडते. गणपतीचंही तसंच. पण माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला मूळ घर असेल तर पाच दिवसांसाठी वीस वर्षांचं कर्ज काढू नये, असं मास्तर म्हणाले, आणि ते पटलं.

आतापर्यंत मास्तर नुसते ऐकत होते. "नऊपैकी गाडी कोण चालवतो?" त्यांनी विचारलं. "चौघं. उरलेल्या पाचांना जायचं असेल तर कोणाला तरी सोडायला जावं लागतं. संध्याकाळी मुलाचा क्लास असेल तर सोडायला जा, परत ये, आणायला जा, परत ये. चार किलोमीटरच्या चार फेऱ्या, सोळा किलोमीटर. मुलं तीन, क्लासच्या वेळा तीन. हे काम रोज कोण करणार? बहुतेक घरांत एक जाऊच. तिची नोकरी सुटते ती इथे."

"शाळेला बालरथ, मुलांची बस, आहे की," इंजिनेर म्हणाला.

"बालरथ शाळेचा. तो क्लासला, मैदानावर, वाचनालयात नेत नाही. आजीला देवळात नेत नाही."

मला यात सगळं आलं असं वाटतं. आपण जागेचं मोल ऑफिसच्या अंतराने करतो. पण ऑफिसला जाणाऱ्याकडे स्कूटर असते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्या बारा वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या बाईला घरातून चालत कुठे कुठे जाता येतं, हे मोजायला हवं. दुकान, औषधं, बस, डॉक्टर, देऊळ. दहा मिनिटांच्या चालीत यातलं किती आहे? आणि फुटपाथ आहे का, की पर्वरीतही हायवे ओलांडावा लागतो? पर्वरी आहे म्हणून जागा चांगली, असं होत नाही.

इंजिनेराला खर्चाचा आकडा हवा होता, तो वकिलाने मांडला. फोंड्याहून पणजी जाऊन-येऊन साठ किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,५०० किलोमीटर. कार लिटरला पंधरा देते, म्हणजे शंभर लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर दहा हजार. स्कूटरला ४५ च्या हिशेबाने तीन हजार तीनशेच्या आसपास. दहा लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ८,६८० रुपये. म्हणजे एका कारचं पेट्रोल हा साडेअकरा लाखांच्या कर्जाचा हप्ता झाला. दोघं पणजीला जात असतील तर पर्वरी वाटते तेवढी महाग नाही.

"आणि बदली मडगावला झाली तर?" इंजिनेराने विचारलं. बरोबर. म्हणून ऑफिस एवढ्या एकाच कारणाने जागा ठरवू नये. मुलांच्या दहा वर्षांच्या आणि म्हाताऱ्यांच्या पुढच्या वर्षांच्या हिशेबाने ठरवावी.

वकिलाने मग तिसरा पर्याय काढला: एकाच मजल्यावर शेजारशेजारचे दोन छोटे फ्लॅट. पर्वरीत ते या पैशांत बसणार नाहीत, पण फोंडा शहरात, बाजारापासून चालत जाता येईल अशा जागी चौकशी करता येईल. दोन स्वयंपाकघरं, दोन वीजमीटर (घरगुती दर युनिटच्या टप्प्याने चढतो, म्हणून दोन मीटरांवर बिल कमी येतं), चार न्हाण्या. मधली भिंत फोडायची घाई नको. ती भार पेलणारी काँक्रीटची असेल तर हात लावता येत नाही, नसेल तरी नकाशा आणि परवानगी लागते.

"आणि कागद," तो म्हणाला. "दोघा भावांनी एकत्र घेतलं तर गोव्याच्या कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, दोन्ही बायकाही मालक. विकताना सह्या चार. एक जोडपं परदेशी असलं की मुखत्यारपत्र. बाबांच्या नावावर घेतलं तर पुढे वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी, आणि मृत्युपत्राने त्यांना स्वतःच्या वाट्यातला अर्धाच मनासारखा देता येतो. दोन फ्लॅट दोन नावांवर असले तर प्रेमही टिकतं." शिवाय रो हाऊस असेल तर एक-चौदाचा उतारा (जमिनीची नोंद), सनद (शेतजमिनीवर बांधायची परवानगी), ऑक्युपन्सीचा दाखला, आणि उताऱ्यावर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का हे बघायचं. करार नोंदण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत.

"दोन फ्लॅट फोंड्यात घेतले तर पणजीचं पेट्रोल राहिलंच," इंजिनेर म्हणाला.

"राहिलं. पण ते दोघांचं. मुलं आणि म्हातारी सुटली," मास्तर म्हणाले.

इंजिनेर गप्प राहिला. मग म्हणाला, त्या रो हाऊसच्या दारातून बसथांब्यापर्यंत सकाळी सव्वासातला, भर पावसात, एकदा चालून बघू आणि वेळ लावू. सिस्टर म्हणाल्या, "आजीच्या पावलांनी चाला."