एका बाजूचे दूध

ऑगस्टचा पहिला आठवडा हा जागतिक स्तनपान सप्ताह. मायदेशातील चर्चांमध्ये या दिवसांत एक जुना वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो. डब्याचे दूध म्हणजे कंपन्यांनी आईवर लादलेली गोष्ट, असे एक बाजू म्हणते. बाळाला काय पाजायचे हे आईला ठरवू द्या, असे दुसरी म्हणते. इंग्लंडमध्ये राहून हे सारे वाचताना मला दर वेळी जाणवते, की आईचे दोन्ही स्तन शाबूत आहेत आणि पाजणे किंवा न पाजणे हा केवळ तिच्या इच्छेचा प्रश्न आहे, हे दोन्ही बाजूंनी न बोलता गृहीत धरलेले असते.

पाच वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली, त्या बाजूला रेडिएशन झाले आणि मग रोग उलटू नये म्हणून घ्यायच्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या सुरू झाल्या. गर्भधारणेसाठी त्या मध्येच थांबवल्या. गेल्या वर्षी मला मुलगी झाली. गरोदरपणातील पहिल्याच भेटीत मिडवाइफने विचारले, की छेद स्तनाग्राच्या किती जवळ होता, रेडिएशन कोणत्या बाजूला झाले आणि गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या आहेत. उत्तरे तिने माझ्या नोंदींत लिहून घेतली. रेडिएशन झालेल्या स्तनात बहुधा फारच थोडे दूध येते. दुसरा स्तन मात्र निरोगी असेल तर बाळाच्या मागणीप्रमाणे दूध वाढवू शकतो, आणि एका बाजूवर वाढलेली बाळे काही थोडी नाहीत. दुधातून बाळाला कर्करोग लागत नाही, हेही तिने न विचारता सांगितले.

इथे सगळेच असे नीट घडते, असे मात्र नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या रात्री वॉर्डातील एका परिचारिकेने नोंदी न वाचताच सांगितले, की एका बाजूने भागणार नाही, बाटली घ्या. मी रडले. डाव्या बाजूला मुलगी दोनदा ओढून बघायची आणि मान फिरवायची. उजवीकडे तिच्या गिळण्याचा आवाज येत असे. पाचव्या दिवशी तिचे वजन जन्मवजनापेक्षा थोडे कमी भरले, दहाव्या दिवशी ते भरून निघाले. लंगोट पुरेसे ओले होत होते. पुरते की नाही हे अशा खुणांवरून ठरते, स्तन किती आहेत यावरून नव्हे.

भारतातील 1992 चा कायदा, जो 2003 मध्ये अधिक कडक झाला, मला मनापासून पटतो. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीची दूध पावडर, बाटल्या आणि बालआहार यांच्या जाहिरातींवर त्याने बंदी घातली आणि आईचे दूधच सर्वोत्तम, हे वाक्य डब्यावर छापायला लावले. ती सक्ती कंपनीवर आहे. पण तेच वाक्य घरातली, शेजारची, दवाखान्यातली माणसे आईला ऐकवतात, आणि जिचे दोन्ही स्तन काढले आहेत किंवा जिची केमोथेरपी चालू आहे, तिला ते आरोपासारखे लागते. केमोथेरपी किंवा टॅमॉक्सिफेन चालू असताना अंगावर पाजायचे नसते. तिथे वरचे दूध हाच योग्य सल्ला असतो आणि तो कोणीतरी स्पष्ट शब्दांत द्यायला हवा. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी कमी वयात होतो, म्हणजे हा प्रश्न तिथेच जास्त जणींपुढे येणार. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. दात्या आयांचे दूध साहजिकच आधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मिळते. इथल्या काही पेढ्या मात्र कर्करोग झालेल्या आयांच्या बाळांचाही विचार करतात, आणि तसा विचार मायदेशात व्हावा, असे मला फार वाटते.

सर्वांत अवघड हिशेब महिन्यांचा होता. गर्भधारणेसाठी गोळ्या जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवण्याबाबतचा पॉझिटिव्ह नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अल्प काळात तरी रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. त्यातील ज्या स्त्रियांनी पुढे अंगावर पाजले, त्यांच्यातही 2024 मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार ते वाढलेले नव्हते. पण त्या दोन वर्षांतच औषध शरीरातून निघून जाण्याचे तीन महिने, दिवस राहीपर्यंतचा काळ आणि गरोदरपणाचे नऊ महिने बसवायचे. माझ्या वाट्याला पाजण्यासाठी जेमतेम सात महिने उरले. त्यांतले पाच मी घेतले.

दूध तोडले त्या आठवड्यात आईचा फोन आला. "अजून दोन महिने पाजलं असतंस तर?" असे ती काळजीनेच म्हणाली. मी तिला सगळे महिने एकेक करून मोजून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "गोळी सकाळी घेतेस की रात्री?" आता रोज रात्री नऊच्या सुमारास, तिच्याकडे उत्तररात्र असताना, तिचा निरोप येतो, "घेतलीस ना?"