गाणं कुणाचं ते तरी सांगा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मावसभावाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, मुलुंडला. तिथून आत्ता घरी आले. साडीसुद्धा बदललेली नाही, तशीच लिहायला बसलेय, कारण हे बाहेर पडल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

झालं असं की जेवणाआधी कराओके होतं. एका कॉलेजातल्या मुलाने माइक घेतला आणि निवेदन करणाऱ्याने जाहीर केलं, "आता ऐकू या मराया कॅरीचं अजरामर गाणं, विदाउट यू." मुलगा छान गायला, अगदी मनापासून. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. खाली उतरल्यावर मी त्याला गाठून म्हटलं, "बाळा, सुंदर गायलास. फक्त एक सांगते, हे गाणं मूळ बॅडफिंगर या ब्रिटिश बँडचं आहे, १९७० सालचं." तो बिचारा "हो का काकू? ऐकतो नक्की," म्हणाला. पण शेजारी एक गृहस्थ उभे होते, हातात आइस्क्रीमची वाटी. ते म्हणाले, "अहो ताई, कोण बॅडफिंगर? चांगलं असतं ते टिकतंच. नाही टिकलं म्हणजे दम नव्हता."

दम नव्हता! मुलुंड ते ठाणे, सगळा रस्ता माझ्या कानात तेवढंच वाजत होतं.

आपण सगळे आकाशवाणीवर वाढलेली माणसं आहोत. गाणं संपलं की निवेदिका शांतपणे सांगायची: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमक्याचा. माझी आई पालेभाजी निवडताना तेवढ्यापुरता हात थांबवायची. शब्द कुणाचे, हे कळल्याशिवाय पुढची जुडी सोडायची नाही. आधी कवी, मग संगीतकार, गाणारा सगळ्यात शेवटी. ही आपली रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. मग इंग्रजी गाणं आलं की ही रीत कुठे जाते? गाणं काय आभाळातून पडतं?

आता माझ्या काकांबद्दल सांगते. बाबांचे धाकटे भाऊ बोटीवर वायरलेस ऑफिसर होते. १९७९ साली सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी एक नव्वद मिनिटांची कॅसेट आणली. बोटीवरच्या एका गोवेकर सहकाऱ्याच्या रेकॉर्डवरून उतरवून घेतलेली. आतल्या कार्डावर निळ्या शाईत, त्यांच्या वळणदार अक्षरात, सगळ्या गाण्यांची नावं देवनागरीत लिहिलेली होती, कारण माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'बॅडफिंगर : नो डाइस'. आणि प्रत्येक गाण्यापुढे ते कुणी लिहिलंय त्याचं नाव. 'विदाउट यू'पुढे लिहिलं होतं, 'हॅम आणि एव्हान्स'. मी नऊ वर्षांची होते. हॅम आणि एव्हान्स ही माणसं आपल्या दादरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहत असावीत, इतकी ती नावं घरात रुळली.

ते गाणं कसं झालं ते ऐका. दोघंही बॅडफिंगरमधलेच. पीट हॅम वेल्सच्या स्वान्झीचा, टॉम एव्हान्स लिव्हरपूलचा. पीटकडे एका गाण्याची कडवी तयार होती, पण ध्रुवपद जमत नव्हतं. टॉमकडे दुसऱ्याच एका गाण्याचं ध्रुवपद होतं, त्याला साजेशी कडवी नव्हती. दोघांनी आपापले अर्धे तुकडे एकत्र आणून जोडले आणि हे गाणं झालं. आता परत ऐका. कडव्यात माणूस स्वतःशीच हळू बोलत असतो आणि ध्रुवपदाला एकदम बांध फुटतो. दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी दुःखं आहेत ती, म्हणून तो सांधा असा काळजात घुसतो. बॅडफिंगरने तर हे गाणं सिंगल म्हणूनही काढलं नाही. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला शेवटी ठेवून दिलं. पुढे हॅरी नील्सन या अमेरिकन गायकाने ते कुठेतरी एका पार्टीत ऐकलं, त्याला वाटलं बीटल्सचंच आहे. त्याने ते गायलं आणि १९७२ साली अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. मरायाबाईंचं १९९४चं, म्हणजे मूळ रेकॉर्डनंतर चोवीस वर्षांनी आलेलं.

हो, मराया कॅरी जबरदस्त गाते. आणि नील्सन नसता तर हे गाणं जगात कुणाला कळलंच नसतं, हेही मान्य. झालं समाधान?

पण दम नव्हता म्हणू नका. बॅडफिंगर बीटल्सच्या स्वतःच्या 'ॲपल' कंपनीत होते. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी जो कार्यक्रम झाला, ज्याची सुरुवात आपल्या रविशंकरांनी केली, त्यात 'हिअर कम्स द सन'ला बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या शेजारी गिटार घेऊन जो शांत मुलगा उभा आहे ना, तो पीट हॅम. ज्याला हॅरिसन शेजारी उभा करतो, त्याच्यात दम नव्हता? बुडवलं ते पैशांनी. मॅनेजरने हिशेबच असे करून ठेवले की कमावणाऱ्यांच्या हाती काही लागेना. १९७४च्या शेवटी आलेला त्यांचा अल्बम वॉर्नर ब्रदर्सने जेमतेम दोन महिन्यांत बाजारातून मागे घेतला, तोही पैशांच्याच भानगडीत. गाणी चांगली असून दुकानात रेकॉर्डच नाही! २४ एप्रिल १९७५ला पीटने आयुष्य संपवलं. अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला तीन दिवस होते. प्रेयसी गरोदर होती, मुलगी नंतर जन्मली. १९८३ साली टॉमनेही तोच मार्ग धरला, आणि तेव्हाही याच गाण्याच्या मानधनाचा वाद चालू होता.

हे त्या आइस्क्रीमच्या वाटीला कोण सांगणार?

हे एकट्या बॅडफिंगरचं नाही. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या 'बिग स्टार' बँडचा पहिला अल्बम १९७२चा. ऐकणाऱ्याने ऐकला तर खुळा होईल अशी गाणी. पण वितरणाचा असा घोळ झाला की वर्तमानपत्रात कौतुक वाचून दुकानात गेलेल्या माणसाला रेकॉर्ड मिळत नव्हती. इंग्लंडच्या 'झॉम्बीज' बँडचं तर विचारूच नका. १९६७ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्यांनी 'ओडेसी अँड ओरॅकल' ध्वनिमुद्रित केला, जॉन लेननने तिथे ठेवलेलं मेलोट्रॉन नावाचं पट्ट्यांचं वाद्य वाजवून. १९६८ला रेकॉर्ड बाजारात आली तोवर पोरं बँड मोडून आपापल्या वाटेला लागली होती. त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' १९६९मध्ये अमेरिकेत गाजलं, तेव्हा स्टेजवर जाऊन ते म्हणायला बँडच शिल्लक नव्हता. आणि त्याच रेकॉर्डवरचं पहिलं गाणं, तुरुंगातून सुटणाऱ्या आपल्या माणसाला लिहिलेलं पत्र आहे ते, इतकं आनंदी, इतकं कोवळं, ते सिंगल म्हणून काढलं तर कुणी ढुंकून पाहिलं नाही. आज रात्री ते एकदा लावाच. मी सांगतेय म्हणून लावा.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या मुंबईत सत्तरच्या आसपास एका सिगारेट कंपनीने 'शिमला बीट' नावाची बँडची स्पर्धा भरवली. देशभरातून पोरं आली, १९७० आणि ७१च्या रेकॉर्डी निघाल्या. आपण विसरलो. कित्येक वर्षांनी त्या परदेशातल्या माणसांनी शोधून पुन्हा काढल्या, तेव्हा आपल्याला कळलं की आपल्याकडे हे होतं. नंदू भेंडे आठवतात ना? आत्माराम भेंड्यांचा मुलगा, मराठी घरातला. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मधला ज्यूडस. पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्यांना ऐकलेली माणसं अजून त्या आवाजाबद्दल बोलतात. २०१४ला गेले. मराठी माणसाने रॉक गावं आणि ते असं गावं! त्यांचं किती आज आपल्या मुलांच्या कानावर पडतं? त्यांच्यात दम नव्हता का? सांगा ना.

टिकतं ते कुणीतरी टिकवतं म्हणून. बालगंधर्वांच्या तबकड्या आपोआप टिकल्या का? कुणीतरी त्या फडक्यात गुंडाळून माळ्यावरून माळ्यावर नेल्या.

(आता जरा पाणी पिऊन आले. रागाने बोटं चुकीची पडत होती.)

काकांच्या कॅसेटची एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. मी ते गाणं इतक्या वेळा मागे नेऊन ऐकायची की एका दुपारी टेप आमच्या नॅशनल पॅनासॉनिकमध्ये गुंतली. झाकण उघडलं तर तपकिरी फितीचा गुंताच बाहेर आला. मी रडायलाच लागले. काका ओरडले नाहीत. त्यांनी फीत हळूहळू सोडवली, आजीच्या शिवणाच्या कात्रीने चुरगळलेला तुकडा कापला, करंगळीएवढा असेल, आणि दोन्ही टोकं सेलोटेपने जोडली. मग पेन्सिल घालून फिरवत फिरवत ती घट्ट केली. पुन्हा लावलं तर दुसऱ्या वेळच्या ध्रुवपदाचे सुरुवातीचे दोन-तीन शब्दच गेलेले. पीटचं कडवं संपतं आणि एकदम 'खट्', टॉम मधूनच सुरू. मी ते गाणं वीसेक वर्षं तसंच ऐकलं. पुढे सीडीवर अखंड ऐकलं तेव्हा मला ते शब्द परके वाटले. अजूनही त्या जागी माझा श्वास क्षणभर थांबतो.

तर आज घरी आल्याबरोबर मी काकांना फोन लावला. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दापोलीला असतात, ऐकू कमी येतं. एवढ्या रात्री फोन म्हणून आधी घाबरले. मी सगळा किस्सा सांगितला, मोठमोठ्याने, शेजारचे जागे झाले असतील. मला वाटलं, तेही चिडतील. तर म्हणाले, "अगं, त्या माणसाचं सोड. तू तरी ती कॅसेट पूर्ण ऐकलीस का कधी?"

मी म्हटलं, "म्हणजे काय काका, तीच तर ऐकत होते."

म्हणाले, "नाही गं. 'विदाउट यू' झालं की तू मागे न्यायचीस. त्याच्यापुढे सहा गाणी होती. शेवटचं पीटचं. मी बोटीवर रात्रपाळीला तेच लावायचो."

मला बोलताच येईना. कपाटातून कॅसेट काढली. कार्डावरची शाई बरीचशी उडालीय, पण नावं वाचता येतात. खरंच सहा. शेवटी लिहिलंय, 'वी आर फॉर द डार्क', आणि पुढे फक्त 'हॅम'. त्या शब्दाखाली काकांनी तेव्हा एक बारीकशी रेघ मारलेली आहे. इतक्या वर्षांत मला ती दिसली नव्हती.

टेपरेकॉर्डर कधीच मोडीत गेला. पण हल्ली मोबाइलवर सगळं मिळतं, एवढा एक उपकार मानायला हवा. लिहिता लिहिता ते लावलंय. सुरुवातीला नुसती गिटार आहे आणि पीटचा आवाज अगदी जवळून येतो, जणू शेजारच्या खुर्चीत बसून गातोय. ध्रुवपदाला बांध वगैरे काही फुटत नाही यात. डोळ्यांसमोर बोटीची केबिन येते, काकांच्या कानाला हेडफोन, बाहेर काळोख आणि पाणी.

चौथ्यांदा चाललंय. काका सकाळी सहाला उठतात. उठले की पुन्हा फोन करणार आहे.